दारणेकाठी ट्रेलर, कोजागरीची रात्र आणि वाढलेलं पाणी

चाकावरचं घर

नमस्कार मंडळी.

कोजागरीला ट्रेलर घेऊन दारणेच्या काठी मुक्कामाला गेलो होतो. त्या रात्री जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण नाशिकमध्ये ट्रेलर आणि कॅम्परवाले वाढायला लागलेत आणि प्रत्येकाला नदीकाठच हवा असतो. आम्हालाही हवा होता.

ट्रेलर बारा फुटी, एका अॅक्सलचा, अंबडमध्ये फॅब्रिकेशन करून घेतलेला. रिकामा ७५० किलोच्या आसपास, पाणी, गॅस, अंथरुणं-पांघरुणं धरून ९०० पर्यंत जातो. ओढायला बोलेरो. मंडळी चार: मी, बायको, नववीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तंबूत खाली बसणं-उठणं त्यांना जमत नाही. त्यांना पुन्हा एकदा नदीकाठी रात्र काढायची होती, म्हणून तर ट्रेलर बांधला.

दुपारी निघालो. विल्होळी, वाडीवऱ्हे, मग महामार्ग सोडून आत. दारणा धरणाच्या खालच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याचं रान आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना गर्दी नकोय. हवेचं म्हणाल तर नाशिकला लख्ख ऊन, वाडीवऱ्ह्याला भुरभुर, रानात पोचलो तर पुन्हा ऊन आणि मागे इगतपुरीच्या डोंगरांवर काळंकुट्ट. ते शेतकरी काका म्हणाले, "चित्रा लागल्यात दादा. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा. आमचा भात कापायला आलाय, त्यामुळं आमचं ध्यान सारखं वर."

त्यांनी दोन जागा दाखवल्या. एक वर विहिरीपाशी, मुरमाड, उघडी. दुसरी खाली पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर, हिरवळ, करंजाची सावली. ते म्हणाले, "वर लावा." मी म्हणालो, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे काका, खालीच लावतो." पाहुण्याला दोनदा नाही म्हणायचं नाही अशी त्या घरची रीत. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

आता जे लिहितोय ते नीट वाचा. त्या करंजाच्या एका फांदीला, माझ्या डोक्याच्या जरा वर, वाळलेल्या गवताची जुडी अडकलेली होती. त्यात खताच्या गोणीचा एक फाटका पांढरा तुकडा होता आणि सगळ्या काड्या एकाच दिशेला, धरणाकडून खाली, विंचरल्यासारख्या वळलेल्या. मी ती पाहिली. तिच्या शेजारच्या फांदीला कंदील टांगला. पाऊस-वाऱ्यानं अडकली असेल म्हणून सोडून दिलं. वाऱ्याने गवत असं विंचरलं जात नाही. ते पाण्यानं होतं. आदल्या पुरात नदी तिथवर आली होती आणि जाताना सांगून गेली होती.

संध्याकाळ फार सुंदर गेली. दूध आटवलं, चारोळी-केशर टाकून. चंद्र वर आला तसं पाणी चमकायला लागलं, सासरे खुर्चीत शाल घेऊन तासभर नुसते बघत बसले. मुलीनं पाण्याच्या कडेला एक काठी रोवली, सकाळी पाणी किती ओसरतं ते बघायला. नऊच्या सुमारास पश्चिमेला विजा दिसायला लागल्या, आवाज नाही. मग अर्धा तास जोरदार सर, लगेच आभाळ मोकळं. आम्हाला वाटलं, आलं आणि गेलं. झोपलो.

मध्यरात्रीनंतर कधीतरी जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज बंद झाला म्हणून. संध्याकाळपासून दगडांवरून खळखळ चालू होती. ती थांबली होती. मला पहिल्यांदा वाटलं, पाणी कमी झालं. दार उघडून बॅटरी मारली. दगडच दिसत नव्हते, काठीही नव्हती. गढूळ पाणी एका सपाट चादरीसारखं, काही न बोलता, सरकत होतं.

तेवढ्यात वरून काकांची हाक. हातात बॅटरी, बरोबर त्यांचा मुलगा. "दादा, धरणातून पाणी सोडलंय, गावात निरोप आलाय. आधी माणसं वर घ्या." काकांच्या मुलानं सासऱ्यांना अक्षरशः पाठीवर घेतलं. मग ट्रेलर. चारही कोपऱ्यांचे जॅक खाली, ताडपत्री बांधलेली, गाडी सोडून वर लावलेली. जोडून ओढायला गेलो तर अर्ध्या तासाच्या सरीनं काळी माती लोण्यासारखी झालेली, बोलेरोची मागची चाकं जागच्या जागी फिरली. शेवटी ट्रॅक्टर आणला, दोर लावला. ट्रेलर निघाला तेव्हा पाणी त्याच्या टायरला लागलेलं होतं.

सगळे सुखरूप आहेत. काही वस्तू गेल्या, त्याचं काही नाही. सकाळी बघितलं तर आम्ही जिथे दूध पीत बसलो होतो तिथे कमरेएवढं पाणी होतं आणि आभाळ निळंशार.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः जागा कशी निवडता ते.

---

रानवाट

वाचताना अंगावर काटा आला. सासरे कसे आहेत आता?

---

चाकावरचं घर

ठणठणीत. पुढच्या वेळी वरच्या जागी लावू म्हणतात. जायचंच नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

---

पाटकरी

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लिहितो.

तुमच्या डोक्यावरचा अर्ध्या तासाचा पाऊस आणि नदीला आलेलं पाणी यांचा जवळजवळ काही संबंध नाही, हे आधी मनात पक्कं करा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात ७०० च्या आसपास. अंतर किती, तर पंचेचाळीस किलोमीटर. दारणा उगम पावते त्या कुलंगच्या बाजूच्या डोंगरांत पडलेलं पाणी तुमच्यापर्यंत येणार, आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी येणार.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. लोकांना वाटतं पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतात, ऑक्टोबर सुरक्षित. जुलैत धरण भरत असतं, त्यात जागा असते. ऑक्टोबरात दारणाही भरलेलं असतं आणि वरची भावली, भाम हीसुद्धा भरलेली असतात. भरल्या हंड्यात तांब्याभर ओतलं तर तांब्याभर बाहेर येणारच. परतीच्या पावसाची एक जोरदार सर वर झाली की जेवढं आत येतं तेवढं खाली सोडावं लागतं, रात्र असो की दिवस. मान्सूनच्या माघारीची सर्वसाधारण तारीख राजस्थानात १७ सप्टेंबर धरतात, पण आपल्याकडून जाता जाता ऑक्टोबर उजाडतो आणि तो गडगडाट करत जातो.

विसर्गाचे आकडे बातमीत येतात ते क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. म्हणजे "५००० क्युसेक विसर्ग" वाचलंत की सेकंदाला १ लाख ४० हजार लिटरच्या वर, असं मनात भाषांतर करायचं. पाच-सहा हजार लिटरचे टँकर डोळ्यासमोर आणा, दर सेकंदाला पंचवीसेक. मग आकडा आकडा राहत नाही.

विसर्ग टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि आधी गावांना कळवतात. पण निरोप ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलांना जातो. तुम्ही रानात पाहुणे, तुमचा नंबर कोणाकडेच नाही. काका आले नसते तर निरोप तुमच्यापर्यंत पोचला नसता. म्हणून मुक्कामाच्या गावात पहिलं काम हे: पोलीस पाटलांना भेटा, कुठे उतरलोय ते सांगा, नंबर द्या. आनंदानं घेतात.

आवाज बंद झाल्याचं तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं आहे. खळखळ उथळ पाण्याची असते. दगड बुडाले की नदी गप्प होते. आमच्याकडचे जुने चौकीदार रात्री कान देऊन झोपायचे.

---

वाफसा

मी शेतकरी आहे, ट्रेलर माझ्याकडेही आहे पण कांद्याचा. जमिनीबद्दल सांगतो.

नदीकाठची हिरवळ दिसते छान. ती जमीन म्हणजे पुरानं आणून टाकलेला गाळ, पोयटा. वरून सुकलेली असते, खाली वीतभर ओल. पाऊस पडला की अशा रानाला वाफसा यायला, म्हणजे आत पाय घालण्याजोगी ओल उरायला, तीन-चार दिवस लागतात. वाफसा नसताना आम्ही बैल घालत नाही, तुम्ही ९०० किलोचा डबा घालता आणि तोही एका जोडी चाकांवर!

सोपी परीक्षा. मूठभर माती घ्या, दाबा, लाडू वळा. लाडू कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुगा झाला तर चाक चालेल. न फुटता चपटा झाला तर तिथे गाडी नेऊ नका. बोटांना काळी चिकट राहिली तर तिकडे बघूसुद्धा नका.

मुरमाड जागा उघडी असते, ऊन लागतं, खुर्ची डुगडुगते. पण रात्री दोनला गाडी निघते.

---

मीनल ना

माझा प्रश्न विजेबद्दल आहे. माझी दोन लहान मुलं आहेत. विजा चमकत असताना ट्रेलरमध्ये बसावं की गाडीत?

---

चाकावरचं घर

मीनलताई, बंद काचांची, पत्र्याच्या टपाची गाडी चांगली. वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत जाते, आतला माणूस वाचतो, फक्त दार, कडी, स्टिअरिंगचा धातू याला हात लावून बसायचं नाही. ट्रेलरचं त्याच्या बांधणीवर आहे. पूर्ण पत्र्याचं अंग असेल तर गाडीसारखंच. फायबरचं किंवा प्लायवूडचं असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, मुलांना घेऊन गाडीत जा. माझा फायबरचा आहे. नऊ वाजता लांब विजा दिसायला लागल्या तेव्हाच आम्ही गाडीत बसायला हवं होतं, तेही केलं नाही.

वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं केलेलं "दामिनी" अॅप फोनवर ठेवा, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. आणि करंज, आंबा, कुठल्याच एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

---

रानवाट

वजनाबद्दल कोणी लिहील का? मी नवीन ट्रेलर घेतोय. परवा मित्राचा ओढून बघितला तर महामार्गावर ऐंशीला मागून शेपटी हलायला लागली. घाबरून ब्रेक मारला तर जास्तच हलला.

---

जोडहूक

ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, आपोआप शांत होतो. उलटं स्टिअरिंग मारून सावरायला गेलात की गाडी आणि ट्रेलर एकमेकांना झोके देतात.

मुळात हलतो का, तर मागे जास्त वजन भरलंय म्हणून. मित्रानं पाण्याची टाकी मागच्या कोपऱ्यात ठेवलीय का बघा. जड सामान अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. हुकवर येणारं वजन एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के हवं. मोजायला काही महाग लागत नाही. घरातला वजनकाटा विटांवर ठेवा, हुकच्या उंचीला आणा, ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. ९०० किलोच्या ट्रेलरला काटा ६५ ते ९० दाखवतोय तर ठीक. ३० दाखवत असेल तर घराबाहेर काढू नका. तुमच्या गाडीचा हुक किती सोसतो तेही गाडीच्या पुस्तकात बघा.

आणि रानवाट, ट्रेलरला स्वतःची नोंदणी, स्वतःचा नंबर लागतो, गाडीचा नंबर मागे लिहून चालत नाही. बनवणाऱ्याला हे आधी विचारा, पैसे देण्याच्या आधी.

---

बागायतदार निफाड

आमच्याकडे ट्रेलरवाले नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला येतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गोदावरी आणि कादवा तिथे मिळतात. २०२० मध्ये ती राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ झाली, तेव्हापासून गर्दी वाढली. या, जरूर या, पण अभयारण्याच्या आत पाण्याला लागून मुक्काम करू नका. गावात विचारा, कोणीतरी खळ्यावर जागा देतं. पहाटे चालत गेलात तर पक्षीही जास्त दिसतात, गाडीच्या आवाजानं उडत नाहीत.

हवेचं सांगतो. नोव्हेंबर म्हणजे कोरडी थंडी हे आता धरून चालू नका. २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गारपीट झाली, निफाड तालुक्यात तयार होत आलेली द्राक्षं एका संध्याकाळी गेली. आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. त्या दिवशीही दुपारपर्यंत ऊनच होतं. उकडत होतं, तीच खूण. नोव्हेंबरात दुपारी अंगाला घाम आला आणि मग एकाएकी गार वारा समोरून आला की बागेतली माणसं जनावरं आत घेतात. तुम्ही ताडपत्री उतरवा. ताडपत्री वाऱ्यात भरली की आधी तिचे खांब वाकतात, मग ज्या पट्टीला ती लावली ती ट्रेलरच्या अंगातून उपटून येते. पाऊस आला म्हणून लोक ताडपत्री लावतात. वारा आला तर ती काढायची असते.

---

मीनल ना

दादा, द्राक्षांचं वाचून वाईट वाटलं. यंदा बाग कशी आहे?

---

बागायतदार निफाड

छाटणी झालीय ताई. फुटवा चांगला आहे. परतीच्या पावसानं डावणी रोगाची भीती आहे, रोज सकाळी पानं उलटी करून बघतो.

---

देवळालीकर

दारणाकाठचा आहे म्हणून दोन गोष्टी.

पहिली, बिबट्या. आमच्या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्याचा वावर आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. अंधार पडल्यावर लहान मुलं ट्रेलरच्या बाहेर एकटी नकोत, शौचालाही मोठं माणूस बरोबर. उरलेलं मटण, हाडं बाहेर ठेवू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. कुत्रं बरोबर आणलंत तर रात्री आत घ्या.

दुसरी गोष्ट जरा कळकळीनं सांगतो. ट्रेलरच्या संडासाची टाकी नदीत ओतताना मी स्वतः लोकांना पाहिलंय. हेच पाणी पुढे चेहेडीला उचलतात आणि ते नाशिकरोडच्या घरांत नळाला येतं. माझ्या आईच्या पेल्यात येतं. टाकी घरी नेऊन संडासात रिकामी करा. भांडी नदीत घासू नका, पाणी बादलीत वर आणा आणि काठापासून पन्नास-साठ पावलं लांब जाऊन घासा.

---

चाकावरचं घर

देवळालीकर, भांडी आम्हीही कडेलाच घासली होती त्या संध्याकाळी. यापुढे नाही.

---

पाटकरी

एक राहिलं होतं. नाशिककरांना पाणी वाचायची सवय खरं तर आहे. गंगापूर धरणातून सोडलं की आपण सगळे रामकुंडाकडे धावतो, तिथल्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं असं एकमेकांना सांगतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळं गाव ते बघत होतं. गावात आपण मारुतीकडे बघतो, रानात प्रत्येक झाड मारुती असतं. करंजाला, बाभळीला, उंबराला पुराची काडी कुठल्या उंचीवर अडकलीय, खोडावर गाळाची राखाडी रेघ कुठवर आहे, तारेच्या कुंपणाला वेल कुठल्या बाजूनं गुंडाळलेत. ती रेघ शोधायची आणि तिच्या वर निदान दोन पुरुष उंचीवर जागा घ्यायची. रेघ सापडली नाही तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं.

---

रानवाट

आणि ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवावा का रात्री?

---

जोडहूक

हवा भरवशाची नसेल तर हो. तोंड बाहेरच्या वाटेकडे करून, जोडलेला, जॅक फक्त मागचे दोन. चाकांना दगड. थोडा उतार राहिला तर राहू द्या, डोकं वरच्या बाजूला करून झोपा. गाडीची किल्ली रोज एकाच खिळ्याला, सगळ्यांना माहीत असलेल्या. रात्री दोन वाजता किल्ली शोधण्यात किती वेळ जातो ते ज्यानं शोधलीय त्यालाच कळतं.

खिडक्या मात्र पूर्ण बंद करू नका. चार माणसं श्वास घेतात, सकाळी भिंतींना पाणी सुटतं आणि पुढच्या महिन्यात गाद्यांना बुरशी. आत शेगडी पेटवून ऊब घेणं तर कधीच नाही, तिच्यातून सुटणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूनं माणूस झोपेतच जातो.

---

चाकावरचं घर

सगळ्यांचे आभार. काल मी आणि मुलगी पुन्हा जाऊन आलो, ट्रेलर न नेता. काकांना दिवाळीचा फराळ द्यायचा होता आणि ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे. पैसे घेतले नाहीत. शेवटी त्यांच्या नातवाच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून काकूंच्या हातात दिले.

भात कापून झालाय. बांधावर पेंढ्या वाळत घातल्यात, थोडा काळवंडलाय पण हाती आला. पाणी पुन्हा दगडांवरून खळखळतंय. करंजाच्या फांदीवर जुन्या जुडीच्या खाली, साधारण माझ्या छातीएवढ्या उंचीवर, नवी जुडी अडकलीय. त्यात आमच्या कंदिलाची तार आहे आणि मुलीनं रोवलेली काठी. तिनं टेप लावून दोन्ही जुड्यांची उंची जमिनीपासून मोजली आणि वहीत लिहून घेतली. मग आम्ही वर विहिरीपाशी गेलो, तिथली माती मुठीत दाबून लाडू केला आणि कमरेवरून खाली सोडला.

फुटला. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, जागा मिळाली.